अठरा ग्रॅमचा हिशेब

राइस ब्रॅन तेलाच्या बाटलीवर ‘ओरायझॅनॉल’ हा शब्द बहुधा ठळक अक्षरांत छापलेला असतो. कोलेस्टेरॉलची धास्ती घेतलेला ग्राहक तो शब्द पाहून बाटली उचलतो. हे तेल ज्या कारखान्यात शुद्ध होते तिथे मात्र उलटा प्रकार घडत असतो. कॉस्टिक सोडा घालून तेलातली आम्लता काढण्याची जुनी रीत जिथे चालते, तिथे कच्च्या तेलातले बहुतेक ओरायझॅनॉल बाटलीपर्यंत पोहोचतच नाही. ते तळाशी साचणाऱ्या चिकट, तपकिरी, साबणासारख्या गाळात उतरते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये शुद्धीकरणाच्या प्रत्येक टप्प्यावर मोजमाप करून हे दाखवून दिले. गोंद आणि मेण काढताना होणारे नुकसान किरकोळ होते. सोड्याच्या टप्प्यावर मात्र ९३ ते ९५ टक्के ओरायझॅनॉल तेलातून निघून गेले. या गाळाला धंद्यात सोपस्टॉक म्हणतात. आम्ल घालून तो फोडतात आणि ॲसिड ऑइल या नावाने साबणाच्या कारखान्यांना विकतात.

हेच गणित एका क्विंटलवर करून पाहता येते. शंभर किलो भात गिरणीत गेले की साधारण वीस किलो तूस निघते आणि तांदूळ पॉलिश करताना पाच ते आठ किलो कोंडा. कोंडा आठ किलो धरला आणि त्यात तेल १५ टक्के धरले, तर तेल भरते १,२०० ग्रॅम. त्यात ओरायझॅनॉल दीड टक्का म्हणजे १८ ग्रॅम. सोड्याने शुद्धीकरण केले तर त्या अठरांपैकी सोळाहून अधिक ग्रॅम साबणाच्या वाटेला लागतात.

सोळा ग्रॅम म्हणजे मूठभरही नाही. पण भात क्विंटलांत मोजले जात नाही, लाखो टनांत मोजले जाते. आणि कोंड्याचे तेल जगात सर्वाधिक भारतातच निघते. शिवाय हा देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून विकत घेतो. इतक्या महागाच्या तेलातून जे द्रव्य वेगळे होते, ते कुठे जाते, किती जाते आणि कोणत्या रूपात जाते, याचा हिशेब ठेवणे हा या पुस्तकाचा विषय आहे. गाळातून पोषक द्रव्य काढणे आणि ते मोजणे ही दोन स्वतंत्र कामे मानली जातात, ती वेगवेगळ्या विभागांत आणि वेगवेगळ्या माणसांकडून होतात. पुस्तकाचे म्हणणे असे की मोजणे आधी यायला हवे, मध्ये यायला हवे आणि शेवटीही. आकडा खरा नसेल तर गाळातून संपत्ती निर्माण झाल्याच्या बातमीला काही अर्थ राहत नाही.

आधी ‘टाकाऊ’ कशाला म्हणायचे ते ठरवले पाहिजे. तळणीच्या कढईत उरलेले काळे तेल या पुस्तकात येत नाही. वारंवार तापलेल्या तेलातले जीवनसत्त्व केव्हाच जळून गेलेले असते आणि त्याच्या जागी ध्रुवीय संयुगे साचलेली असतात. अशा संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल अन्नासाठी वापरू नये, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला, आणि त्याच वर्षी असे तेल गोळा करून जैवइंधनाकडे वळवण्याची मोहीम सुरू केली. त्या तेलाची योग्य जागा तीच. इथे विचार आहे तो तेल माणसाच्या ताटात येण्याआधीच त्याच्यापासून वेगळ्या झालेल्या गोष्टींचा.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. घाण्यातून किंवा सॉल्व्हंट प्लँटमधून तेल निघाले की मागे पेंड राहते. सरकीच्या पेंडीला विदर्भ-खानदेशात ढेप म्हणतात. कच्च्या तेलात पाणी मिसळून फिरवले की फॉस्फरसयुक्त गोंद खाली बसतो. सोयाबीनच्या या गोंदापासून लेसिथिन मिळते आणि चॉकलेटपासून बिस्किटांपर्यंत ते सगळीकडे असते. कोंड्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल थंड केले की मेण गोठते. सोड्याने सोपस्टॉक निघतो. रंग काढण्यासाठी वापरलेली माती तेल पिऊन बसते, आणि ढिगात पडून राहिली तर हवेशी संयोग पावून आपोआप पेटही घेऊ शकते. शेवटी २२० ते २६० अंश सेल्सिअसला, जवळजवळ निर्वात अवस्थेत, तेलातून वाफ सोडून वास काढला जातो. त्या वाफेबरोबर जे उडते आणि थंड होऊन साचते ते डिओडोरायझर डिस्टिलेट. तेलाच्या मानाने ते जेमतेम अर्धा टक्का, अनेकदा त्याहूनही कमी असते. पण वजन उतरत जाते तशी द्रव्याची दाटी वाढते. सोयाबीन तेलात टोकोफेरॉल किलोमागे ग्रॅम-दीड ग्रॅम असते, तर त्याच तेलाच्या चांगल्या डिस्टिलेटमध्ये ते दहा टक्क्यांच्या घरात जाते, म्हणजे किलोमागे शंभर ग्रॅम.

टाकलेल्या वस्तूत पोषण सापडण्याचा इतिहास तांदळाच्या कोंड्यापासूनच सुरू होतो. १८९०च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरीचा शोध घेत होता. पांढऱ्याशुभ्र तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडत, आणि कोंड्यासकट तांदूळ मिळाला की त्या बऱ्या होत, हे त्याच्या लक्षात आले. कोंड्यातले ते द्रव्य थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि १९२९ मध्ये आइकमानला नोबेल मिळाले. थायमिन पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून हेक्झेनने तेल काढून घेतल्यावरही ते तेलाबरोबर जात नाही. तेल काढलेल्या कोंड्यात मागे राहते आणि पशुखाद्यात जाते. कोणते द्रव्य कुठे सापडेल हे त्याच्या अशा स्वभावावरून आधीच सांगता येते, आणि पुढच्या प्रकरणांचा निम्मा युक्तिवाद याच एका गोष्टीवर उभा आहे.

ई जीवनसत्त्वाची कथा तेलाला अधिक जवळची. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना असे आढळले, की विशिष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या माद्या गाभण राहतात, पण गर्भ पोटातच विरून जातो. आहारात एक अज्ञात द्रव्य घातले की पिल्ले जगतात. १९३६ मध्ये इव्हान्स यांच्या गटाने गव्हाच्या अंकुराच्या तेलातून ते द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. हे टोकोफेरॉल मोठ्या प्रमाणावर काढण्याची युक्ती अनपेक्षित ठिकाणाहून आली. कोडॅकच्या रॉचेस्टर येथील प्रयोगशाळेत केनेथ हिकमन हा रसायनतज्ज्ञ छायाचित्रणाच्या कामासाठी निर्वात पंपांवर प्रयोग करत होता. हवेचा दाब अतिशय कमी केला तर टोकोफेरॉलसारखे मोठे, तापवल्यावर बिघडणारे रेणूही तुलनेने कमी तापमानात उडतात आणि काही सेंटिमीटर अंतरावरच्या थंड पृष्ठभागावर जमा होतात. या रेणवीय ऊर्ध्वपातनाने १९३०च्या दशकाच्या अखेरीस तेलांतून जीवनसत्त्वे काढण्याचा उद्योग उभा राहिला. आजही डिस्टिलेटमधून ई जीवनसत्त्व वेगळे करताना शेवटची पायरी बहुधा हीच असते.

काढण्याची कला प्रत्येक गाळागणिक बदलते. डिस्टिलेटमध्ये अडचण आहे ती मेदाम्लांची, कारण ती टोकोफेरॉलच्या जोडीने उडतात. म्हणून आधी त्यांचे मिथेनॉलशी एस्टर करतात. ते एस्टर लवकर उडून जातात. मग थंडाव्यात स्टेरॉलचे स्फटिक खाली बसतात आणि उरलेल्या द्रवात टोकोफेरॉलचे प्रमाण वाढते. सोपस्टॉकची अडचण निराळी, आणि ती थेट ओरायझॅनॉलच्या रचनेतून येते. त्याच्या रेणूत फेरुलिक आम्लाचा भाग असतो, त्या भागावर एक सौम्य आम्लधर्मी हायड्रॉक्सिल गट असतो, आणि सोडा मेदाम्लांबरोबर त्यालाही पकडतो. एकदा ते साबणात अडकले की बाहेर काढणे कष्टाचे, कारण साबण, पाणी आणि विद्रावक एकत्र घुसळले की दुधासारखे मिश्रण तयार होते आणि तासन्‌तास थर वेगळे होत नाहीत. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९८ मध्ये यावर एक सुबक उपाय प्रसिद्ध केला. त्यांनी सोपस्टॉकमध्ये कॅल्शियमचे क्षार घातले. सोडियमचा विरघळणारा साबण कॅल्शियमच्या न विरघळणाऱ्या साबणात बदलला आणि ओरायझॅनॉलला सोबत घेऊन खाली बसला. पाणी असे वेगळे झाले की त्या साक्यातून योग्य विद्रावकाने ओरायझॅनॉल काढणे सोपे होते.

आता मोजण्याकडे. या पुस्तकाचा मोठा भाग त्यावरच खर्च झाला आहे, आणि ते योग्यच आहे.

ई जीवनसत्त्व पहिल्यांदा मोजले गेले ते उंदरांच्या गर्भांवर. ठरावीक मात्रेने किती माद्यांची पिल्ले जगली यावरून नमुन्याची ताकद ठरे. ही पद्धत मंद, खर्चिक आणि जनावरांवर निर्दय होती. पण तिच्यात एक गुण होता, द्रव्य शरीरात काम करते की नाही हेच ती विचारत होती. १९३८ मध्ये एमेरी आणि एंगल यांनी रंगाची चाचणी आणली. टोकोफेरॉल फेरिक लोहाचे फेरसमध्ये रूपांतर करते, फेरस लोह बायपिरिडिनशी लाल रंग देते आणि तो रंग यंत्राने मोजता येतो. उंदरांना लागणाऱ्या आठवड्यांचे काम काही मिनिटांवर आले. मात्र लोहावर हीच क्रिया करणारे इतर कोणतेही द्रव्य नमुन्यात असेल तर तेही लाल रंगात भर घालते, आणि गाळात अशी द्रव्ये हमखास असतात. स्वच्छ तेलासाठी चालणारी चाचणी गाळाला जशीच्या तशी लावली तर आकडा फुगतो.

ओरायझॅनॉलच्या बाबतीतही असाच धडा मिळतो. ते १९५०च्या दशकात जपानमध्ये प्रथम वेगळे केले गेले तेव्हा एकच पदार्थ वाटले होते. पुढे कळले, की फेरुलिक आम्लाला वेगवेगळे स्टेरॉल आणि ट्रायटर्पीन अल्कोहोल जोडून झालेल्या अनेक एस्टरांचे ते मिश्रण आहे. आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत सोपी आहे: थोडे तेल हेप्टेनमध्ये विरघळवायचे, ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशाचे किती शोषण झाले ते पाहायचे आणि ३५८.९ या ठरलेल्या गुणांकाने टक्केवारी काढायची. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विज्ञान महाविद्यालयातही हे यंत्र असते. पण यंत्राला दिसतो तो फेरुलिक आम्लाचा भाग, संपूर्ण ओरायझॅनॉल नव्हे. सोपस्टॉक तीव्र सोड्यात फार वेळ तापला तर एस्टर तुटून फेरुलिक आम्ल सुटे होऊ शकते. आम्लाने फोडल्यावर ते नमुन्यात राहिले, तर त्याच पट्ट्यात तेही प्रकाश शोषते आणि विक्रीयोग्य ओरायझॅनॉल संपून गेले असतानाही कागदावर जिवंत राहते. शिवाय नमुना अल्कधर्मीच राहिला तर शोषणाचे शिखर लांब तरंगलांबीकडे सरकते आणि तोच पदार्थ कमी भरतो. म्हणजे एकाच बादलीतल्या गाळाचा आकडा हाताळणीप्रमाणे वरही जाऊ शकतो आणि खालीही.

म्हणूनच घटक एकमेकांपासून वेगळे करून मोजावे लागतात. एचपीएलसी यंत्रात टोकोफेरॉलचे चारही प्रकार, अल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा, एकामागून एक बाहेर पडतात आणि सुमारे २९५ नॅनोमीटरचा प्रकाश पडला की प्रतिदीप्तीने आपली ओळख देतात. तिथेही स्तंभाची निवड महत्त्वाची. सर्वत्र वापरला जाणारा सी-१८ स्तंभ बीटा आणि गॅमा यांना वेगळे करू शकत नाही, सिलिकाचा करतो. स्टेरॉलसाठी गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. त्याआधी तेलाचे साबणीकरण, न साबण झालेल्या भागाचे निष्कर्षण आणि सिलिल गट जोडणे अशा पायऱ्या येतात, आणि प्रत्येक पायरीत थोडे द्रव्य हरवते. म्हणून अगदी सुरुवातीलाच माहीत असलेल्या मापाचे एक परके द्रव्य नमुन्यात मिसळतात. शेवटी त्याचे किती हाती लागले यावरून बाकीच्यांची तूट भरून काढता येते.

यंत्राच्या आधीचा प्रश्न नमुन्याचा. थंड डिस्टिलेटच्या टाकीत स्टेरॉल तळाला बसतात. वरच्या नळातून भरलेली बाटली आणि तळातून काढलेली बाटली यांचे अहवाल एकाच मालाचे वाटत नाहीत. टाकी तापवून, ढवळून, वेगवेगळ्या खोलीवरून नमुने घेऊन ते मिसळणे हे कंटाळवाणे काम कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा निकालावर जास्त परिणाम करते. तसेच पाण्याचे. सोपस्टॉकमधला ओलावा घाणागणिक बदलतो. निम्मे पाणी असलेल्या गाळात ओरायझॅनॉल दोन टक्के भरले, तर कोरड्या वजनावर तेच चार टक्के होते. विकणाऱ्याने कोरड्या वजनाचा आकडा सांगितला आणि घेणाऱ्याने ओल्या मालाचे पैसे मोजले, तर सौदा अर्ध्याने फसला. दोघांपैकी कोणीही खोटे बोललेले नसते.

या सगळ्यावर एक ताळा आहे, आणि तो दुकानातल्या रोजमेळासारखा आहे: आत आलेले एकूण द्रव्य आणि बाहेर पडलेल्या सर्व वाटांवरचे द्रव्य जुळले पाहिजे. कच्च्या तेलातले १८ ग्रॅम शुद्ध तेल, गोंद, मेण, सोपस्टॉक, माती आणि डिस्टिलेट या सहाही ठिकाणी मिळून १८च्या आसपास भरले पाहिजेत. बेरीज २४ आली तर मोजणी फुगली आहे. ११ आली तर काहीतरी जळाले, तुटले किंवा एखादी वाट तपासायची राहिली. फक्त सोपस्टॉक तपासून दिलेल्या अहवालात ही चूक दिसतच नाही, मग टक्केवारी दशांशाच्या कितीही स्थळांपर्यंत दिलेली असो.

द्रव्य किती आहे हे कळले, तरी ते हितकारक आहे का, हा प्रश्न उरतोच. इथे प्रयोगशाळेतल्या दोन चाचण्यांनी बराच गोंधळ घातला आहे. १९२७च्या फोलिन-सिओकाल्तू अभिकर्मकाने येणारा निळा रंग आणि डीपीपीएच या जांभळ्या द्रावणाचे फिके पडणे, या दोन्हींवरून ‘अँटिऑक्सिडंट क्षमता’ सांगितली जाते. निळा रंग काही साखरांनी आणि क जीवनसत्त्वानेही येतो. जांभळे द्रावण परीक्षानळीत फिके पडते. माणसाच्या यकृतात काय होईल याचे उत्तर त्यात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशाच क्षमतेची एक मोठी कोष्टकमालिका प्रसिद्ध केली होती. विक्रेते तिचा गैरवापर करतात आणि त्या आकड्यांचा आरोग्याशी थेट संबंध दाखवता येत नाही, म्हणून २०१२ मध्ये त्याच खात्याने ती मागे घेतली.

याउलट वनस्पती स्टेरॉलांचा पुरावा भक्कम आहे. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये त्यांच्याच कुळातल्या स्टॅनॉल एस्टरचे मार्गारीन बाजारात आले आणि त्याच वर्षी त्यावरची वर्षभराची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यानंतरच्या अनेक चाचण्यांतून असे दिसले, की रोज सुमारे दोन ग्रॅम स्टेरॉल किंवा स्टॅनॉल घेतल्यास वाईट समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल साधारण ७ ते १० टक्के उतरते, कारण ही द्रव्ये आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवतात. तीच द्रव्ये आपल्याकडच्या डिस्टिलेटमध्ये आहेत. मेणातून मिळणाऱ्या पॉलिकोसॅनॉलचे नशीब वेगळे ठरले. उसाच्या मेणातल्या पॉलिकोसॅनॉलने कोलेस्टेरॉल मोठ्या प्रमाणात उतरते असे क्युबातून आलेले अहवाल सांगत होते. २००६ मध्ये जर्मनीतल्या काटेकोर चाचणीत रोज ८० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा देऊनही काहीच फरक आढळला नाही.

खुद्द ओरायझॅनॉलबद्दलही सावध राहायला हवे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही पुरुषांना ओरायझॅनॉल अत्यल्प असलेले आणि काहींना भरपूर असलेले कोंड्याचे तेल दिले. कोलेस्टेरॉल दोन्ही गटांत उतरले, आणि जवळपास सारखेच. म्हणजे कोंड्याच्या तेलाचा गुण खरा, पण त्याचे सगळे श्रेय लेबलवरच्या एका शब्दाला देता येत नाही. तेलातले इतर स्टेरॉलही त्यात वाटेकरी असणार. ई जीवनसत्त्वाचेही तसेच. सोयाबीनच्या डिस्टिलेटमध्ये गॅमा टोकोफेरॉल सर्वाधिक असते, तर शरीर अल्फाला धरून ठेवते आणि इतरांना बाहेर काढते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००० साली माणसाची गरज ठरवताना फक्त अल्फा प्रकार हिशेबात घेतला. म्हणून ‘एकूण टोकोफेरॉल ५० टक्के’ असे लिहिलेला डबा ई जीवनसत्त्वाच्या दृष्टीने किती मोलाचा, हे चार प्रकार वेगळे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणूनच कारखाने गॅमा आणि डेल्टाला मिथिल गट जोडून त्यांचे अल्फा करून घेतात.

जे हितकारक द्रव्य दाट करते, तेच यंत्र अहितकारकही दाट करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती. पेंडीतले प्रथिनांचे प्रमाण सर्वांना ठाऊक होते. तिच्यावर वाढलेल्या बुरशीचे विष कोणी मोजले नव्हते, कारण ते तेव्हा कोणाला माहीतच नव्हते. त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन सापडले. आज पेंडीच्या प्रत्येक गंभीर सौद्यात त्याची चाचणी असते. डिस्टिलेटचेही तेच: तेलातून उडून जाणारी कीटकनाशके आणि धुरातून आलेली हलकी कर्करोगकारक हायड्रोकार्बने वास काढताना तेल सोडतात आणि टोकोफेरॉलच्याच भांड्यात गोळा होतात. ग्राहकाचे तेल स्वच्छ होते, गाळ मात्र तितकाच धोक्याचा होतो. त्यामुळे या पुस्तकात पोषक द्रव्याच्या प्रत्येक कोष्टकाशेजारी दूषितांचे कोष्टक छापले आहे.

ऑलिव्हच्या देशांनी हा रस्ता आधी चालून पाहिला आहे. फळातल्या फिनॉलिक द्रव्यांपैकी तेलात जेमतेम एक-दोन टक्के जातात. बाकीची सांडपाण्यात आणि चोथ्यात राहतात. हेच फिनॉल नदीत गेले की पाण्यातल्या जीवांना मारतात, आणि शुद्ध केले की मोलाचे ठरतात. त्यांतला प्रमुख हायड्रॉक्सिटायरोसॉल. रोज २० ग्रॅम ऑलिव्ह तेलातून तो आणि त्याची संयुगे मिळून ५ मिलिग्रॅम मिळत असतील, तरच रक्तातल्या मेदाच्या संरक्षणाचा दावा लेबलवर करता येतो, असा युरोपीय संघाचा २०१२चा नियम आहे. दाव्याला मात्रेची आणि मोजमापाची अट कशी जोडावी याचा हा चांगला नमुना. ऑलिव्हच्या डिस्टिलेटमधून स्क्वालीनही मिळते. १९०६ मध्ये जपानी रसायनतज्ज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांनी ते शार्कच्या यकृततेलात शोधले आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी खोल समुद्रातले शार्क मारले जाऊ लागले. शार्कला पर्याय देणारे स्रोत आज जे आहेत त्यांत हा गाळ मोडतो.

महाराष्ट्रात या विषयाची जमीन झाडीपट्टीत आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या भातपट्ट्यात गिरण्या पुष्कळ, आणि प्रत्येकीखाली कोंडा पडतो. पॉलिश होताच कोंड्यातले लायपेज हे विकर तेलाला भिडते आणि मेदाम्ले सुटी करू लागते. एक-दोन दिवसांत कोंडा सॉल्व्हंट प्लँटला पोहोचला नाही, किंवा तापवून विकर मारले नाही, तर आम्लता चढते. आम्लता चढली की सोडा जास्त लागतो, सोडा जास्त तितका सोपस्टॉक जास्त, आणि त्याबरोबर ओरायझॅनॉलही जाते. म्हणजे गाळात काय सापडणार याचा निर्णय पुष्कळदा गिरणीच्या अंगणात, ट्रकची वाट पाहण्यात होऊन जातो. कोंडा वेळेत पोहोचला आणि गोंद नीट निघाला, तर सोड्याऐवजी वाफेने आम्लता काढता येते आणि ओरायझॅनॉल बाटलीतच टिकते. हैदराबादच्या संस्थेने विकरांच्या साह्याने गोंद काढण्याची जी पद्धत विकसित केली, तिचे महत्त्व यासाठी आहे. गाळातून परत मिळवण्याच्या उत्साहात, द्रव्य गाळात जाऊच न देण्याचा हा स्वस्त मार्ग नजरेआड होऊ नये.

तेल काढलेला कोंडाही आता ‘उरलेला’ राहिलेला नाही. २०२३च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने त्याच्या निर्यातीवर बंदी घातली, कारण चारा महागला होता आणि दुधाचा भाव त्याच्याशी बांधलेला होता. त्यातून फायटिन किंवा फेरुलिक आम्ल काढायचे, तर गुरांच्या दाव्याचाही विचार करावा लागेल. पुस्तकाने हा प्रश्न टाळलेला नाही.

माणसे आणि संस्था आपल्याकडे आहेत. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे १९३३ साली सुरू झालेल्या जुन्या यूडीसीटीत, तेलांचा स्वतंत्र विभाग आहे. नागपुरात १९४२ साली डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थेत तेल तंत्रज्ञान शिकवले जाते, आणि तिथून गोंदियाच्या गिरण्या काही तासांवर आहेत. ज्ञान आणि कोंडा यांच्यातले अंतर रस्त्याचे नाही, नोंदींचे आहे. बहुतेक लहान कारखान्यांत तेलाचा उतारा रोज लिहिला जातो, गाळाचे फक्त वजन लिहिले जाते.

पुढील प्रकरणांचा क्रम या प्रस्तावनेतल्या वाटेनेच जातो: आधी पेंड आणि कोंडा, मग गोंद, मेण, सोपस्टॉक आणि डिस्टिलेट. प्रत्येक गाळासाठी नमुना कसा घ्यावा, कोणती चाचणी साध्या प्रयोगशाळेत होते आणि कोणत्या चाचणीसाठी मोठ्या संस्थेकडे जावे, कोणत्या दाव्याला माणसांवरच्या चाचण्यांचा आधार आहे आणि कोणत्याला नाही, हे वेगवेगळे सांगितले आहे. रसायनाचा पदवीधर ते वाचून काम सुरू करू शकेल. कारखानदाराला आपल्या मालाचा अहवाल वाचता येईल. शेतकरी उत्पादक कंपनी चालवणाऱ्यांना यंत्र विकायला आलेल्या माणसाला काय विचारायचे ते कळेल.

ते विचारणे अवघड नाही. नमुना कोणत्या तारखेचा आणि टाकीच्या कोणत्या थरातला? त्यात पाणी किती, आणि टक्केवारी ओल्या वजनावर आहे की कोरड्या? मोजण्याची पद्धत कोणती? माहीत असलेले माप मिसळून परत किती मिळाले? दूषितांची चाचणी झाली का? आणि शुद्ध तेल, गोंद, मेण, सोपस्टॉक, माती, डिस्टिलेट या सहाही वाटांची बेरीज किती आली? यांची उत्तरे एका पानावर मावतात. असे पान कसे आखावे याचा नमुना पहिल्या प्रकरणाच्या शेवटी दिला आहे. वाचकाने तिथूनच सुरुवात केली तरी चालेल.